'दहा वर्षे मिलिटरीच्या हाती द्या' म्हणण्याआधी गोवा आठवा

घुग्घुसला खाणीची पाळी सुटली, चहाच्या टपरीवर धुळीचा नि खड्ड्यांचा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतेच, 'दहा वर्षे देश मिलिटरीच्या हाती द्या, सगळे सरळ होतील.' त्यात सैन्याबद्दलचा आदर असतो, त्याहून जास्त वैताग असतो. आणि लष्करी सत्ता येते ती बहुधा याच वैतागावर.

पोर्तुगालमध्ये १९१० ते १९२६ या सोळा वर्षांत चाळीसहून अधिक सरकारे बदलली. २८ मे १९२६ रोजी जनरल गोमिश द कॉश्ता याने ब्रागा शहरात बंड पुकारले आणि सैन्य लिस्बनकडे निघाले. फारसे कुणी आडवे आले नाही. दोनच महिन्यांत मात्र दुसऱ्या सेनाधिकाऱ्यांनी खुद्द गोमिशलाच हटवले. पुढे खजिना सांभाळता येईना म्हणून १९२८ मध्ये त्यांनी सालाझार या प्राध्यापकाला अर्थमंत्री केले. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला, तो १९६८ पर्यंत. घडी बसवायला आलेली राजवट ४८ वर्षे हलली नाही.

तिची झळ गोव्यातल्या मराठी-कोकणी माणसांना बसली. सभेला परवानगी, छापण्याला परवानगी, अगदी लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडून तपासून घ्यायची. मूळचे सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटले थेट जानेवारी १९६९ मध्ये!

२५ एप्रिल १९७४ रोजी ही राजवट उलथवली तीही तरुण सेनाधिकाऱ्यांनीच. तरी २००७ मध्ये तिथल्या टीव्हीवर 'सर्वांत थोर पोर्तुगीज' कोण, यासाठी प्रेक्षकांनी फोनवरून मते दिली, तेव्हा सालाझार पहिला आला. फोनवरचा कौल म्हणजे सारा देश नव्हे, हे खरे. पण शिस्त आणि भरलेली तिजोरी लोकांच्या लक्षात राहते. तुरुंग लक्षात राहतो तो आत गेलेल्यांच्या घरी.

आपल्या जिल्ह्यातही याची एक खूण आहे. ती हुकूमशाही नव्हे, परकी राजवट. पण गावावर बंदुकीचा अंमल कसा असतो ते चिमूरने पाहिले. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर तिथे लष्कर आले, धरपकड झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. सरकार चौकशीला तयार नव्हते. त्यासाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले, तर त्याच्या बातम्या छापण्यावरच बंदी आली. कागदोपत्री तो सुव्यवस्थेचा बंदोबस्त होता. चिमूरमध्ये मात्र दर १६ ऑगस्टला हुतात्म्यांना अभिवादन होते.