शिक्का कशावर हवा?

मोहर्लीत ताडोबाच्या पाहुण्यांसाठी मी रोज रांधते, आणि ‘सगळं सेंद्रिय आहे ना?’ हे ऐकून कान किटलेत. सगळं कशाला? आमच्याकडची लाखोळी अन् जवस धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर येतात. त्यांच्या फवारणीवर कोण पैसे घालवतो? मोहफुलं, टेंभरं तर जंगलातलीच. कांदा-केळ्याची सालं आपण फेकूनच देतो. जादा पैसे मी मोजते ते मिरची, वांगी, पालेभाजीला. तिथं फवारणी फार. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात कपाशी फवारताना शेतकरी-मजूर विषबाधेनं दगावले, ते इकडे कोणी विसरलेलं नाही. पुड्यावर सेंद्रिय मालाचं ‘जैविक भारत’ चिन्ह नसेल, तर नुसत्या हिरव्या वेष्टनाला मी भुलत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्यालाच विचारते, भाऊ, शेवटचं औषध कधी मारलं?