पवित्रा ताठर नसतो

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘पवित्रा’ रोज भेटतो. संघटनेचा आक्रमक पवित्रा, बँकांचा सावध पवित्रा, आंदोलकांचा ताठर पवित्रा. मागणी असो, नकार असो की नुसते मौन, सगळ्यांवर हा एकच शब्द बेधडक चिकटवला जातो. त्यामुळे तो झिजत चालला आहे, आणि तो झिजू देता कामा नये.

हा शब्द आखाड्यातला. वार करायला किंवा चुकवायला अंग जसे सज्ज होते, पाय जसे पडतात, तो पवित्रा. मर्दानी खेळ शिकणाऱ्यांना हातातल्या शस्त्राआधी पायांचे पवित्रे घटवावे लागतात.

त्याचे कारण दांडपट्ट्यात फार स्पष्ट दिसते. 2024 मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान मिळालेल्या या पट्ट्याची मूठ लोखंडी खोबळ्याने झाकलेली असते. खोबळा मनगटाच्या वर चढतो आणि लवचीक पाते हाताच्या रेषेत सरळ पुढे जाते. तलवार फिरवताना मनगट वळते, इथे ते जखडलेले असते. मग वार निघतो कोपरातून, खांद्यातून आणि त्याहीआधी पायांतून. जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापले जाते तेव्हा प्रेक्षकांची नजर पात्यावर असते, वस्तादाची पायांवर.

कुस्तीतही तेच. गुडघे मोडलेले, कंबर खाली, भार चवड्यांवर. पाय ताठ ठेवून उभा राहिलेला मल्ल एकेरी पटाला आयता सापडतो. समोरचा खाली घुसतो, पाय कवेत घेतो आणि पुढचे काम सोपे होते.

म्हणूनच ‘ताठर पवित्रा’ हा शब्दप्रयोग खटकतो. ताठरला की तो पवित्रा राहत नाही. एखादी संघटना महिनोन्महिने मागणीवरून तसूभर हलत नसेल, तर तिची भूमिका ताठर आहे, एवढे म्हणणे पुरेसे. बँका व्याजदराचा अंदाज घेत हात राखून कर्ज देत असतील, तर ‘सावध पवित्रा’ चपखल बसतो, कारण तिथे पुढच्या हालचालीची तयारी आहे.

दुसरा अन्याय ‘पवित्रा बदलला’ म्हणताना होतो. राजकीय बातमीत त्यातून दगाबाजी सूचित केली जाते. आखाड्यात पवित्रा क्षणोक्षणी बदलतो. समोरच्याने डाव टाकला की पाय मागे-पुढे होणारच, आणि ते कसब मानले जाते. दिलेले वचन मोडणाऱ्या पुढाऱ्याला ‘पवित्रा बदलला’ म्हणणे म्हणजे त्याला फुकटची सवलत देणे. त्याने शब्द फिरवला, तर तसेच छापावे. आणि वाटाघाटीत चार पावले मागे येऊन तोडगा काढणाऱ्याला त्याच वाक्याने बदनामही करू नये.

भाषा बदलते, रूपके रुळतात, याला कुणाची हरकत नाही. पण रूपक रुळले तरी मूळ वस्तू डोळ्यांसमोर राहिली पाहिजे, आणि इथे ती अजून जिवंत आहे. कोल्हापुरात आजही मुलेमुली लाठी आणि पट्टा शिकतात, वस्ताद त्यांचे पवित्रे सुधारून घेतात. मथळे लिहिणाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन त्या मुलांचे पाय नीट पाहावेत.