हळदीचा डाग आणि मुलांचे शिक्षण

हळदीच्या डागाला साबण लावला की तो तांबडा होतो, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. पण मूल "असे का?" विचारते, तेव्हा आपण त्याला "जा, बाहेर खेळ" म्हणून हाकलतो. माझ्या मते यात मोठे नुकसान आहे.

चित्रकला वेगळी व विज्ञान वेगळे, ही वाटणी शाळेच्या वेळापत्रकाची. पाच-सहा वर्षांच्या मुलाची नव्हे. चिमूटभर हळद पाण्यात कालवून कागदाला फासावी व वाळू द्यावी. मुलाने साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर चित्र काढावे. रेघ तांबडी उमटते. लिंबाचा रस लागला की ती पुन्हा पिवळी होते. चुना मिळवून हळदीचे कुंकू करतात, तेही याच गुणाने. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली तर तो डाग लिंबाने गुलाबी व खायच्या सोड्याने हिरवट होतो. फाल्गुनात आपल्या कटंगीकडे पळस फुलतो. त्याची फुले मोठ्यांनी उकळून दिली की केशरी रंग फुकट मिळतो.

ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा शिंपले, बिया व पाने हीच शिकवण्याची साधने केली. आपल्याच मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत मुले हाताने प्रयोग करून विज्ञान शिकू लागली. तो कार्यक्रम २००२ साली बंद झाला. घरचा ओटा मात्र कोणी बंद केलेला नाही.

कोणी म्हणेल, यात अन्नाची नासाडी होते. चिमूटभर हळद व पिळलेल्या लिंबाची फोड एवढ्यात काम भागते. मुलगे व मुली दोघांनाही बसवावे.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. तंबाखूचा चुना मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. गेलाच तर डोळा ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा व मुलाला विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे.

रविवारी मिस्सा आटोपून आल्यावर मुलांसाठी अर्धा तास काढा. उत्तर येत नसेल तर "चल, करून पाहू" म्हणा. एवढे म्हणणारे आईबाप मुलाला पुष्कळ शिकवतात.