माळ्यावरची ती पिशवी खाली काढा

दसरा झाला की नाशिकच्या घराघरांत दिवाळीची आवराआवर सुरू होते. माळा रिकामा होतो, पितळेचे डबे घासायला निघतात आणि त्या पसाऱ्यात गाठ मारलेली एक पिशवी हाती लागते. आत सुयांवर अडकलेला स्वेटर आणि उरलेल्या लोकरीच्या दोन-तीन गुंड्या. कुणाच्या पिशवीत क्रोशाचं अर्धं तोरण, कुणाच्या पिशवीत रिंगमध्ये ताणून ठेवलेला अभ्रा. आपण ते क्षणभर हातात धरतो, "बघू नंतर" म्हणतो आणि पिशवी पुन्हा वर जाते. यंदा ती वर टाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उघडा आणि तिचा निकाल लावा. पुरं करा, उसवा, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवा. काही केलं तरी चालेल, पण ठरवा.

आपल्याकडची विणकामं अर्धी राहतात ती आळसामुळे, असं मला वाटत नाही. नाशिकची थंडी कडाक्याची, पण तोकडी. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरल्याची बातमी पेपरात येते, द्राक्षबागांमधून पहाटे शेकोट्या पेटतात, आणि त्याच आठवड्यात आपल्याला लोकर आणायची हुक्की येते. तिथून महाशिवरात्रीपर्यंत जेमतेम दोन महिने. घरचं सगळं उरकून रात्री तासभर बसणाऱ्या बाईचा मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर तेवढ्यात होत नाही. होळीला मांडीवर लोकर नकोशी होते आणि काम मुंढ्यापाशी थांबतं. पुढच्या डिसेंबरात मुलाची छाती दोन इंचांनी वाढलेली असते. म्हणून नवं काम टाकायचं असेल तर ते आषाढ-श्रावणात टाका. पावसाळ्यात हवा गार असते, घराबाहेर पडणं कमी होतं. अर्ध्या कामाला मात्र दसऱ्यानंतरची हीच वेळ योग्य, कारण निम्मी मजल आधीच मारलेली आहे.

"शरणपूर रोडच्या तिबेटीयन मार्केटमध्ये तयार स्वेटर मिळतो, मग हा खटाटोप कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. हाताने विणलेलं स्वस्त पडतं असं मी कधीच सांगणार नाही. पण पिशवीतल्या लोकरीचे पैसे कधीच देऊन झालेत आणि मेहनतही अर्ध्याहून जास्त झालेली आहे. बहुतेक "अर्धे" स्वेटर खरं तर पाऊण झालेले असतात. पाठ तयार, पुढा तयार, राहिलेल्या असतात त्या बाह्या, गळा आणि जोडणी. काम नेमकं कुठे थांबलंय ते पाहा, म्हणजे आपण कशाला अडलो तेही कळेल. ज्या बाईला मुंढा जमत नाही तिच्या पिशवीत तीन कामं मुंढ्यावरच थांबलेली सापडतात. तिला धीर द्यायची गरज नाही. शेजारच्या काकूंनी एकदा शेजारी बसवून दोनाचा एक कुठे आणि कितीदा करायचा ते दाखवलं की पुरे.

पहिल्या दिवशी विणू नका. दुपारच्या उजेडात गॅलरीत बसा आणि नुसतं काम वाचा. खालच्या बॉर्डरपासून सुया मोजा, टाके मोजा, नमुना कितव्या सुईवर पुन्हा येतो ते बघा आणि हे सगळं कागदावर लिहून पिशवीतच ठेवा. बॉर्डर एक सुलट एक उलट आहे की दोन-दोन, ती किती सुयांची आहे, मधे टाके वाढवलेत का, तेही लिहा. अर्ध्या कामाकडे परतताना सगळ्यात जास्त दम लागतो तो इथे. एकदा ही नोंद झाली की बाकीचं हातांना आठवतं. शाळेत शिवण-विणकामाच्या तासाला शिकलेल्या बायकांना तीस वर्षांनी सुया हातात दिल्या तरी पाच मिनिटांत टाके घालता येतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता सुयांचं. पुष्कळदा दुसऱ्या कामासाठी त्या काढून घेतलेल्या असतात आणि बिचारे टाके एखाद्या दोऱ्यावर ओवलेले असतात. कोणत्या नंबरची सुई होती हे आठवत नाही. आपल्याकडे अजून जुने इंग्रजी नंबर चालतात, त्यात नंबर मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीनची. मोबाइलवरचे परदेशी नमुने मिलिमीटरमध्ये असतात, तिथे घोटाळा होतो. अंदाजाने सुई घेऊ नका. ९ आणि १० नंबरवर वीस-पंचवीस टाक्यांचे दोन लहान तुकडे विणा, जुन्या कामावर ठेवा, दहा सेंटीमीटरमध्ये कुठे किती टाके बसतात ते मोजा. नंबर जुळला तरी सावध राहा. इतक्या वर्षांत हात बदललेला असतो, कुणाचा घट्ट होतो, कुणाचा सैल. थांबलो होतो तिथूनच पुढे विणलं तर त्या जागी आडवी रेघ दिसते आणि धुतल्यावरही जात नाही. म्हणून वरच्या चार-पाच सुया उसवा. वर्षानुवर्षं सुईवर ताणलेले टाके तसेही बिघडलेले असतात. उसवण्याआधी खालच्या एका ओळीतल्या प्रत्येक टाक्यातून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून घ्या, म्हणजे काम त्या दोऱ्याच्या खाली उसवणार नाही.

सुटलेला टाका दिसला की अनेकींचा धीर सुटतो. तो टाका दहा ओळी खाली घसरलेला असतो आणि वर नुसत्या आडव्या धाग्यांची शिडी उभी असते. कामाची सुलट बाजू आपल्याकडे करा. क्रोशाची सुई खालच्या मोकळ्या फासातून पुढून आत घाला, तिच्या लगेच वरचा आडवा धागा आकड्यात पकडा आणि फासातून ओढून घ्या. नवा फास तयार झाला. आता त्याच्या वरचा धागा. एकही पायरी गाळायची नाही आणि जोरात ओढायचं नाही. वर पोचलात की फास डाव्या सुईवर चढवा. तो उभा पट्टा थोडा घट्ट किंवा ढिला दिसेल, पहिल्या धुण्यात बसून जाईल.

लोकर कमी पडली म्हणून थांबलेल्या कामाला मी एकच सल्ला देते. तोच रंग शोधत बसू नका. लेबलावर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर असतो. लॉट बदलला की तोच रंग अंगावर वेगळा दिसतो आणि जुना लॉट दुकानात राहिलेला नसतो. त्यापेक्षा उरलेल्या बाह्या, गळा आणि बॉर्डर सरळ दुसऱ्या रंगात करा, ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. रंग निवडताना मात्र लोकर घेऊन दुकानाबाहेर या. मेन रोडवरच्या दुकानांतल्या ट्यूबलाइटखाली करडा आणि फिकट हिरवा एकच वाटतात.

ज्या बाळासाठी टाके घातले ते आता कॉलेज रोडवर गाडी चालवत असेल, तर त्याच्या मापाचं काम पुरं करण्यात अर्थ नाही. उसवा, अगदी मोकळ्या मनाने. उसवलेली लोकर कुरळी असते. ती लगेच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकं वजन अडकवून सावलीत वाळत टाका. वाळली की धागा पुन्हा सरळ होतो. ॲक्रिलिकच्या लोकरीवर गरम इस्त्री फिरवू नका, ती कायमची मरते. खऱ्या लोकरीला कसर लागते, त्यामुळे ती आधी झटकून उन्हात उलटसुलट करा. धागा हाताने ओढल्यावर तुटत असेल तर त्याचा मोह सोडा.

भरतकामाचं थोडक्यात सांगते. सुई कापडात खोचून ठेवलेली असेल तर गंजाचा डाग असेल, त्याला लिंबू-मीठ लावून पाहा, रंगीत दोरा सांभाळून. रिंग काढून ठेवा, तिच्या कडेला मळाची गोल रेघ धरते.

आपल्याच जिल्ह्यात, इथून ऐंशी किलोमीटरवर येवल्याला पैठणी विणतात. एकेक साडी महिनोन्‌महिने मागावर असते. मधे लग्न येतं, आजारपण येतं, शेतीची कामं येतात, विणकर उठतो आणि परत येऊन बसतो. काम मागावरच असतं, घरात येता-जाता दिसत असतं, सोडलेला धागा सोडल्या जागी सापडतो. नवा ताणा जोडताना जुन्या ताण्याच्या टोकांशी एकेक धागा पिळून जोडतात. आपल्या घरात माग नसला तरी एक टोपली असू शकते. ती टीव्हीजवळ, हात पोचेल अशी ठेवा आणि तिच्यात एकच काम ठेवा. बाकीची कामं निकाल लागेपर्यंत कपाटात राहू द्या.

काही पिशव्या आपल्या नसतात. आई गेली, सासूबाई गेल्या, आणि त्यांच्या ट्रंकेत नातवासाठी टाकलेलं दुपटं तसंच आहे. ते ना टाकवतं, ना उघडवतं. अमेरिकेत दोन विणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी २०२२ मध्ये 'लूज एण्ड्स' नावाचा उपक्रम सुरू केला. गेलेल्या किंवा आजारी माणसाचं अर्धं राहिलेलं हातकाम घरच्यांनी कळवायचं आणि ते काम येणाऱ्या स्वयंसेवकाने ते विनामोबदला पुरं करून परत द्यायचं. हे नाशिकला का होऊ नये? आपल्याकडे भजनी मंडळं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, कॉलनीकॉलनीत भिशी आहे. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला सगळ्या एकत्र येतातच. तेव्हा एकीने उठून विचारावं, "माझ्या आईची ही शाल कुणी पुरी करून देईल का?" मला खात्री आहे, हात वर होतील. पुरी करणाऱ्या बाईला एक विनंती. त्या माऊलीच्या टाक्यात चूक दिसली तरी सुधारू नका. तिचा हात होता तसा राहू द्या आणि तुमचा तुमच्यासारखा येऊ द्या.

आणि उसवलेल्या लोकरीचं काय करायचं, हे कळत नसेल तर टोप्या विणा. १९६२ च्या युद्धात देशभरातल्या बायकांनी कधी न पाहिलेल्या जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले होते. अनोळखी माणसासाठी विणण्याची सवय आपल्याला नवी नाही. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर असतो. विणलेली टोपी ताणते, म्हणून ३० ते ३२ सेंटीमीटरची करा. मऊ लोकर घ्या, केसाळ नको. बंद, गोंडे, मणी काहीही लावू नका. सरकारी दवाखान्यात द्यायची असेल तर आधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारा, काही ठिकाणी फक्त सुती चालते. टोप्या धुऊन, वाळवून, बंद पिशवीतून द्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या आश्रमशाळांना स्वेटर किंवा कानटोप्या द्यायच्या असतील तर मुख्याध्यापकांना फोन करून मुलांची वयं आणि संख्या विचारून घ्या, वर्गातल्या चौघांना मिळून बाकीचे बघत राहिले असं होऊ नये. संख्या पुरत नसेल तर एक लहान वर्ग धरा आणि तेवढाच पुरा करा. प्रत्येक गठ्ठ्यावर माप लिहा, आणि तो मार्गशीर्ष लागायच्या आत पोचेल असं पाहा.