फळीचा भाव नंतर, आधी माती बघा



कंपोझिट डेक म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनलेल्या फळ्यांचा ओटा. आपल्या उमरखेडसारख्या गावातही आता बंगल्यासमोर, फार्महाऊसवर, हॉटेलच्या अंगणात तो मागतात. गिऱ्हाईक मोबाइलवर परदेशी व्हिडिओ दाखवतं आणि पहिलाच प्रश्न टाकतं, "भाऊ, चौरस फुटाला काय पडेल?" माझं स्पष्ट मत आहे, जागा न बघता ज्यानं या प्रश्नाचं उत्तर दिलं, त्यानं भांडण विकत घेतलं समजा.

त्या व्हिडिओत माणूस बराच वेळ खड्डेच खोदत असतो. तेवढा भाग आपण पुढे ढकलतो आणि फळी बसवायला लागला की बघतो. पण खरी अक्कल त्या खड्ड्यात आहे. थंड मुलखात हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, शिवाय खालून आणखी ओल वर ओढली जाते, आणि अख्खा पाया उचलला जातो. उन्हाळा आला की परत खाली. म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पाया दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच खोल न्यावा लागतो, गोठणाऱ्या थराच्या खाली.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असं म्हणून आपला मिस्त्री दीड फुटावर थांबतो. बर्फ नाही, पण काळी माती आहे ना! मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्याच बुजतात. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. तिकडे थंडी जे करते, ते इकडे पाऊस करतो. त्यात डेक वजनाला हलका. दोन मजली घर मातीला थोडंफार तरी दाबून धरतं, डेकला ती सहज उचलते. आणि सगळीकडे सारखी उचलत नाही. पन्हाळीचं पाणी पडतं तो कोपरा आधी वर येतो.

यावर आपल्याच देशात मोठं काम झालंय. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असलेले 'अंडर-रीम्ड पाइल' विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तिथून खाली ओल फारशी बदलत नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण धरून राहणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत मांडली.

एका ओट्यासाठी साडेतीन मीटर कोण जाणार? बरोबर आहे. म्हणून गिऱ्हाइकासमोर तीन पर्याय ठेवा. मुरूम वर असेल, तर काळी माती काढून मुरमावरच पाया घ्या. माती खोल असेल, तर डेक घराच्या भिंतीला न जोडता सुटा ठेवा आणि खाली उंची कमी-जास्त करता येणारे स्क्रूचे पाय द्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लेव्हल परत करता येते. दोन्ही नको असेल, तर सरळ सांगा, "दादा, गच्चीवर करा, खाली स्लॅब आहे."

आता हिशोब. १२ बाय १० फुटांचा डेक म्हणजे १२० चौरस फूट. साधारण ५-६ फुटांवर एक पाय धरला, तर ९ खड्डे. २४ बाय १० केला तर जागा दुप्पट, पण खड्डे १५. म्हणजे छोट्या डेकला दर १३ फुटांमागे एक खड्डा आणि मोठ्याला १६ फुटांमागे. एकच भाव लावला तर छोट्या कामात मार खाल. म्हणून खड्डे नगावर लावा, फळी फुटावर.

फळीचंही थोडं. जानेवारीच्या सकाळी बसवलेली ३ मीटरची फळी मेच्या उन्हात जवळपास ५ मिमी लांबते. कंपनीच्या पत्रकात दिलेली फट सोडलीच पाहिजे. आणि गॅरंटी साधारणपणे फळीची असते. जमीन हलली तर कंपनी हात वर करते आणि गिऱ्हाईक तुमच्या दुकानात येतं.

तुम्ही म्हणाल, बाजूचा दुकानदार स्वस्तात देतो, गिऱ्हाईक तिकडे जाईल. काही जातील, हे मान्य. पण लहान गावात घरासमोरचा डेक रोज शंभर लोक बघतात आणि वाकडा झाला की "कोणी केला?" हेच विचारतात. जाहिरातीवर घातलेला पैसा तिथं वाया जातो.

उद्यापासून एक करा. कोटेशनची पहिली ओळ फळीची नको. "जागेवर एक खड्डा घेऊन माती पाहिली, काळी माती अमुक फूट, म्हणून पाया असा" ही ओळ पहिली लिहा, खाली गिऱ्हाइकाची सही घ्या, आणि मगच फळीचा रंग दाखवा.