घरपट्टी तिप्पट आली तर?

मैत्रिणींनो, कोकणात सासरचं घर असणाऱ्या पुष्कळजणी हल्ली दिवाळीत आणि मे महिन्यात दोन खोल्या पर्यटकांना देतात. चार पैसे मिळतात, घर उघडं राहतं, वाळवीही लागत नाही. पण दारावर पाटी लागली की ग्रामपंचायतीचं लक्ष जाणारच, आणि मग घरपट्टीचं बिल असं येतं की हातातला चहा गार व्हावा.

आमचं बिल तिप्पट आलं. यजमान म्हणाले, "भरून टाकू, गावात कोण वाईटपणा घेणार?" खरं आहे, गावात रोजचे संबंध असतात. पण घरपट्टी कुणाच्या मर्जीवर ठरत नाही. तिचा हिशेब ठरलेला आहे आणि माझ्या आठवीच्या मुलींनाही जमेल इतका सोपा आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ग्रामपंचायत घराच्या भांडवली मूल्यावर कर आकारते. त्यात जागेचा सरकारी दर येतो, बांधकामाचा दर येतो, घराच्या वयाप्रमाणे घसारा वजा होतो आणि शेवटी वापराचा भारांक लागतो: राहत्या घराला १, व्यापारी वापराला १.२५. म्हणजे बघा हं, पाहुणे ठेवता म्हणून सगळंच्या सगळं घर व्यापारी धरलं, तरी बाकीचे आकडे तेच असतील तर कर फार तर सव्वापट व्हावा. तिप्पट झाला तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. (ताडून पाहताना घरपट्टीची ओळच पाहा, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी त्याच कागदावर असतात.)

म्हणून भांडायला जाण्याआधी आकारणीचा, म्हणजे नमुना ८ चा उतारा मागून घ्यावा. आमच्या उताऱ्यात काय निघालं ऐका. पाहुण्यांसाठी २०१९ मध्ये मागच्या बाजूला स्लॅबचं न्हाणीघर बांधलं होतं. त्यावरून आमच्या जांभ्याच्या कौलारू घराला सरसकट 'आर.सी.सी.' लावलेलं, आणि बांधकामाचं वर्षही २०१९! मग घसारा कसला मिळतो? पडका गोठा क्षेत्रफळात मोजलेला. आणि वापर 'व्यापारी', सासूबाईंच्या देवघरासकट.

सासूबाईंची एक सवय इथे उपयोगी पडली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी घरपट्टीच्या सगळ्या पावत्या जपल्या आहेत. १९७८ ची पावती अर्जाला जोडली, तेव्हा घराच्या वयाचा वाद तिथेच मिटला. डबा जुना म्हणून कुणी मोडीत काढू नका गं!

अर्ज साधा असावा. नोंद काय आहे, खरं काय आहे, पुरावा कोणता, आणि 'समक्ष मोजणी करून मिळावी' ही विनंती. दोन प्रती न्याव्यात. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नये. तोंडी "बघतो वहिनी" याला काही किंमत नाही. पंचायतीने ऐकलं नाही तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे पंचायत समितीकडे अपील करता येतं. त्याला मुदत असते, तेव्हा बिल हाती आल्याची तारीख लगेच लिहून ठेवा.

पाहुण्यांच्या दोन खोल्या आणि न्हाणीघर व्यापारी धरलं, त्याला आम्ही हरकत घेतली नाही. पैसे घेऊन खोली द्यायची आणि कर मात्र राहत्या घराचा भरायचा, हे मला पटत नाही. गावचा रस्ता आणि गटार आपले पाहुणेही वापरतातच की.

घर नगर परिषदेच्या हद्दीत असेल, जसं मालवणला, तर १९६५ चा वेगळा कायदा लागतो. तिथे आकारणी यादी लागते आणि हरकती मागवतात. मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांना ते कळतच नाही, म्हणून शेजारच्या काकूंना सांगून ठेवावं.

ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) टेप घेऊन आले, दीड तास मोजणी झाली. नवं बिल जुन्याच्या दीडपट आहे. गोठा अजून त्यात आहे, त्याचं अपील चालू आहे.