विश्लेषण : पिशवी पोटावर, धास्ती मनात… ‘स्टोमा’च्या रुग्णांना लोकलची भीती का वाटते?

बोरिवली-चर्चगेट किंवा मुलुंड-सीएसएमटी. धिम्या लोकलने साधारण तासाभराचा प्रवास, डब्यात स्वच्छतागृह नाही आणि पोटावर मल साठवणारी पिशवी. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही अनेक रुग्ण घराबाहेर पडणे टाळतात, ते यामुळेच.

स्टोमा म्हणजे काय?

आतड्याचा कर्करोग, क्षयरोग, आतड्यांचा दाह किंवा अपघातातील इजा अशा कारणांनी आतड्याचे टोक पोटाच्या त्वचेवर आणावे लागते. या छिद्राला ‘स्टोमा’ म्हणतात. मूत्राशय काढल्यास मूत्रासाठीही तो करतात. काहींना तो काही महिन्यांपुरता असतो, काहींना कायमचा. त्याला आवळणारा स्नायू नसल्याने मल किंवा मूत्र रोखून धरता येत नाही. ते पिशवीत जमा होत राहते.

मनावर परिणाम कसा होतो?

गर्दीत पिशवी दाबली गेली तर? वास आला तर? या धास्तीने रुग्ण जेवण टाळतात, पाणी कमी पितात. लहान आतड्याचा स्टोमा असल्यास शरीरातील पाणी घटण्याचा धोका वाढतो. सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्या कुटुंबांत पिशवी रिकामी करणे हीच रोजची परीक्षा. लग्नकार्ये टळतात, पती-पत्नीत दुरावा येतो. एकटेपणातून नैराश्य येऊ शकते.

उपाय काय?

बसताना, वाकताना पोटाला कुठे घडी पडते हे पाहून शस्त्रक्रियेआधीच स्टोमाची जागा आखली, तर गळती कमी होते. पिशवी निम्मी भरण्याआधी रिकामी करणे, जोडपिशवी जवळ बाळगणे हेही शिकावे लागते. टाटा रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, तर ‘ओस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया’ ही रुग्णांसाठीची संस्था मुंबईत आहे. हेच सोसलेल्या रुग्णाशी बोलल्याने धीर येतो.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. स्टोमाचा स्वतंत्र उल्लेख नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यात कर्करुग्णांना मुभा आहे. मात्र क्षयरोगामुळे स्टोमा झालेल्याच्या पोटावरही तशीच पिशवी असते.  सवलत आजाराच्या नावावर नव्हे, गरजेवर ठरायला हवी.

मदत कुठे मिळेल?

झोप उडणे, कशातच मन न रमणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना सांगावे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे.